कुठून आलं?

माझ्या तोंडात, टाळूच्या अगदी मागे, पडजिभेच्या जरा डावीकडे, चार मिलिमीटरचा एक फ्लॉवर उगवला होता. फ्लॉवर म्हणजे भाजीतला. ही उपमा माझी नाही, डॉक्टरांनी हीच वापरली आणि पॅथॉलॉजीच्या पुस्तकांतही हीच असते. पांढुरका-गुलाबी, देठावर उभा, वरून खरखरीत. दुखत नव्हता, त्यातून रक्त येत नव्हतं. गिळताना कधी तरी जिभेच्या मुळाशी काही तरी हुळहुळल्यासारखं व्हायचं, इतकंच. सर्दीने घसा धरला म्हणून मोबाइलचा टॉर्च लावून आरशात पाहिलं, तेव्हा तो दिसला. किती महिने तिथे होता, सांगता येणार नाही. स्वतःच्या टाळूकडे रोज कोण बघतं?

आमच्या घरात तोंडातल्या गाठीचा एकच अर्थ होतो. माझं गाव परांडा तालुक्यात. आजारपण जरा मोठं असलं की आमच्याकडची माणसं बार्शीला जातात. बार्शीत कॅन्सरचं हॉस्पिटल आहे आणि 1987 पासून तिथे ग्रामीण भागाची कॅन्सर नोंदणी चालते. खेड्यांसाठीची अशी नोंदणी देशात पहिल्यांदा तिथेच सुरू झाली. बार्शी, भूम, परांडा या तालुक्यांतल्या गावागावांतून माणसांची मोजदाद होते. त्या मोजदादीत 2012 सालच्या कुठल्या तरी ओळीत आमचे तात्या असतील, वडिलांचे थोरले भाऊ. तंबाखू आणि चुना तळहातावर मळून गालात धरायची त्यांची सवय मी जन्मल्यापासून पाहिलेली. गालातली जखम भरेना, मग जबड्याचा तुकडा काढला, मग पेज आणि चमचा. मी तेव्हा अकरावीत होतो. त्याच वर्षी जुलैत राज्यात गुटख्यावर बंदी आली. गावातल्या टपरीवर दर्शनी लटकणाऱ्या माळा आतल्या डब्यात गेल्या, एवढाच फरक मला दिसला. तात्यांची साधी तंबाखू तर त्या बंदीत बसतही नव्हती.

त्यामुळे आरशात तो फ्लॉवर दिसला तेव्हा मी सुपारीचं खांडही न खाणारा माणूस असून पहिल्यांदा तात्यांचा गाल आठवला.

हडपसरला ज्या दाताच्या डॉक्टरांकडे गेलो त्या माझ्याच वयाच्या असाव्यात. तोंड उघडण्याआधीच त्यांनी विचारलं, "तंबाखू? मावा? मिश्री? सुपारी?"

"नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

मग त्यांनी माझे दात बघितले. खरं बोलतोय का याची ती तपासणी होती आणि ती योग्यच होती. या भागात काम करणाऱ्या दंतवैद्याने तो प्रश्न विचारला नाही तर मीच त्यांच्याकडे परत गेलो नसतो. तोंड बघून झाल्यावर ग्लोव्हज काढत, माझ्याकडे न बघता, कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. "लग्न झालंय?"

"ठरलंय."

"बाकी तसं काही... म्हणजे संबंध वगैरे?"

पहिला प्रश्न त्यांनी मोठ्याने विचारला होता, बाहेर बाकावर बसलेल्यांना ऐकू जाईल इतक्या. दुसऱ्याला आवाज अर्धा झाला. मी काहीही उत्तर दिलं असतं तरी उपचार बदलणार नव्हता. ते काढायचं आणि तपासायला पाठवायचं, दोन्ही उत्तरांना हेच.

काढायला दहा मिनिटं लागली. टाळूत इंजेक्शन घेताना डोळ्यांतून पाणी येतं, बाकी विशेष नाही. एक टाका पडला. फॉर्मालिनच्या छोट्या बाटलीत तो फ्लॉवर तरंगत होता आणि ती बाटली लॅबमध्ये पोचवायचं काम आपल्याकडे पेशंटचंच असतं. बाटली शर्टाच्या खिशात ठेवून, टू-व्हीलरवर, मगरपट्ट्याच्या सिग्नलला मी उभा होतो. रिपोर्टला पाच दिवस लागणार होते.

रिपोर्ट आला तो असा: स्क्वेमस पॅपिलोमा. बोटांसारखे उंचवटे, प्रत्येकाच्या मध्ये रक्तवाहिन्यांचा गाभा. काही कोइलोसाइट दिसतात. डिसप्लेसिया नाही. मॅलिग्नन्सीचा पुरावा नाही. आणि शेवटची ओळ: चित्र एचपीव्ही संसर्गाशी सुसंगत. कोइलोसाइट म्हणजे पोकळ पेशी. ‘कोइलोस’ हा ग्रीक शब्द, अर्थ पोकळ. केंद्रकाभोवती रिकामं वलय दिसतं, म्हणून हे नाव.

मॅलिग्नन्सी नाही, हे वाचून मी जिन्यातच खाली बसलो. शेवटची ओळ घरी आल्यावर नीट वाचली.

एचपीव्ही हा एक विषाणू नाही, मोठं खानदान आहे. दोनशेहून जास्त प्रकार माहीत आहेत आणि त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. हाताच्या तळव्यावरचे चामखीळ करणारे वेगळे, गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणारे वेगळे. 16 आणि 18 हे बदनाम नंबर. हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरशी त्यांचं नातं शोधून काढलं, त्यासाठी 2008 साली त्यांना नोबेल मिळालं. माझ्यासारख्या पॅपिलोमात बहुतेकदा सापडतात ते 6 आणि 11. हे निरुपद्रवी घराण्यातले. माझा नेमका कुठला ते कुणी तपासलं नाही, गाठ निघाल्यावर त्याची गरज नसते.

ज्याने मला त्या रात्री जागं ठेवलं ते त्याचं आकारमान. या विषाणूचा डीएनए गोल असतो आणि त्यात जेमतेम आठ हजार अक्षरं असतात. अक्षरं चारच प्रकारची, म्हणजे प्रत्येकाला दोन बिट. हिशेब केला तर सगळा प्रोग्रॅम दोन किलोबाइटमध्ये बसतो. आमच्या कंपनीच्या वेबसाइटवरचा टॅबमधला इवलासा लोगो यापेक्षा मोठा आहे. त्या दोन किलोबाइटमध्ये आठेक जनुकं, आणि स्वतःच्या डीएनएची प्रत काढायचं यंत्रही त्याच्याकडे नाही. ते तो पेशीचं वापरतो. अडचण अशी की आपल्या त्वचेच्या किंवा तोंडाच्या अस्तराच्या पेशी तळाशी जन्मतात, वर सरकत जातात आणि वर सरकताना प्रत काढायचं काम बंद करतात. विषाणू त्यांना ते बंद करू देत नाही. पेशी वाढत राहतात, थर जाड होतो, बोटांसारखा वर येतो. म्हणजे तो फ्लॉवर माझ्याच पेशींचा होता, विषाणूने फक्त ‘थांबा’ ही आज्ञा पुसली होती.

आणि हे सगळं तो आवाज न करता करतो. रक्तात उतरत नाही. पेशी फोडत नाही. नवे विषाणू तयार होतात ते अगदी वरच्या थरात, जिथल्या पेशी तशाही मरून गळणार असतात, त्यांच्याबरोबर तो बाहेर पडतो. त्यामुळे शरीराच्या पहारेकऱ्यांना बराच काळ पत्ता लागत नाही. शिरताना त्याला लागतो फक्त एखादा बारीक ओरखडा. गरम पोह्यांनी पोळलेली जागा, ब्रशचा धक्का, काहीही. शिरल्यापासून दिसेपर्यंत महिने जाऊ शकतात, वर्षंही.

आमच्या धंद्यात काही बिघडलं की त्यानंतर एक मीटिंग होते. कधी बिघडलं, कुणाच्या बदलाने बिघडलं, मूळ कारण काय. लॉग उघडायचे, वेळ जुळवायची, मागे मागे जायचं. सहा वर्षं मी हेच करतोय आणि बऱ्यापैकी करतो. इथे लॉगच नव्हता. चुंबनातून येऊ शकतो, मुखमैथुनातून येऊ शकतो, स्वतःच्या हातावरून येऊ शकतो, लाळेतून येऊ शकतो. काही मुलांना जन्मताना आईकडून मिळतो आणि त्यांच्या स्वरयंत्रावर गाठी येत राहतात. एका माणसाच्या एका गाठीवरून यातलं कोणतं खरं, हे जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. तरीही जो तो विचारत होता: कुठून आलं?

याच शोधात मी 1965 सालच्या एका शोधनिबंधापाशी पोचलो. तोंडाच्या अस्तरावरच्या एका वेगळ्याच वाढीबद्दलचा तो निबंध आणि शीर्षकात ‘इंडियन चिल्ड्रन’. आपल्याकडच्या कुणालाही वाटेल की ही आपलीच पोरं. ती होती अमेरिकेतल्या आदिवासींची, न्यू मेक्सिकोतल्या गॅलपच्या आसपासच्या नवाहो लोकांची. तिथे हेक नावाचे दंतवैद्य होते. मुलांच्या ओठांच्या आत, गालांच्या आत, जिभेवर मऊ, सपाट, अस्तराच्याच रंगाच्या पुष्कळ गाठी त्यांना दिसल्या. एकदोन नव्हेत, पुष्कळ. दुखत नाहीत, कॅन्सर होत नाहीत, बहुतेकदा काही महिन्यांत किंवा वर्षांत आपल्या आपण जातात. त्या विकाराला आता हेक यांचंच नाव आहे. ज्या मुलांच्या तोंडात ते होतं त्यांची नावं अर्थातच कुठे नाहीत.

पुढे ते मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींमध्ये सापडलं, ग्रीनलंडमध्ये सापडलं. त्यामागे एचपीव्हीचेच दोन भाऊबंद निघाले, 13 आणि 32. या 13 नंबरचा अगदी जवळचा नातेवाईक बोनोबोच्या तोंडात मिळाला, तशाच गाठींमध्ये. म्हणजे हे पाहुणे आपल्याकडे शहरं, ऑफिसं, लग्नं, शरम यांच्या कितीतरी आधीपासून मुक्कामाला असणार.

मला थांबवलं ते वेगळ्या गोष्टीने. हेकच्या विकारावरचं जे काही वाचलं त्यात कारणांची चर्चा अशी: एकाच घरात अनेकांना होतो, भावंडांना होतो, आईला आणि मुलाला होतो. दाटीवाटीची घरं, एकाच भांड्यातून खाणंपिणं, अपुरा आहार, आणि काही समूहांमध्ये जनुकांमुळे येणारी प्रवणता. गरिबी आणि लाळ, थोडक्यात. मुलं होती, म्हणून दुसरा प्रश्न कुणाच्या मनात आला नाही. तेच खानदान, तेच तोंड, आणि अठ्ठावीस वर्षांचा लग्न ठरलेला मुलगा असला की पहिल्यांदा तोच येतो. आमच्या गावच्या घरात अकरा माणसं होती आणि पाण्याच्या माठावर एकच तांब्या. मीही त्या तांब्यातूनच वाढलो. पण तांब्याबद्दल मला कुणीही विचारलं नाही.

घरी मी ‘चामखीळ’ म्हणून सांगितलं. हा शब्द उत्तम आहे. त्यात घाण नाही, भीती नाही, आणि तो खोटाही नाही. आई म्हणाली, "तुला किती वेळा सांगितलं, रोज बाहेरचं खाऊ नको." आजीने फोन हातात घेतला. तिचा उपाय ठरलेला: "आरं, घोड्याच्या शेपटीचा केस गच बांधायचा, आपसूक गळून पडतंय." पडजिभेपाशी केस कोण बांधणार, असं मी विचारल्यावर ती म्हणाली, "मग चुना लाव." त्यानंतर ती मिश्री लावायला बसली असणार, कारण तिची ती वेळ असते.

वडील शेवटी आले. ते एवढंच म्हणाले, "तात्यासारखं नाही ना?" मी नाही म्हटलं. "कागदावर लिहून दिलंय का?" मी हो म्हटलं. त्यांनी फोन आईकडे परत दिला.

जन्मताना आईकडून मिळू शकतो, हे मी आईला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. माझ्या बाबतीत तसं असण्याची शक्यता तशीही फारशी नाही. पण तिने ते वाक्य एकदा ऐकलं असतं तर ‘शक्यता’ हा शब्द गळून गेला असता आणि उरलेलं तिने आयुष्यभर स्वतःपाशी ठेवलं असतं.

जिच्याशी लग्न ठरलं होतं तिला मात्र सांगणं भाग होतं. ती सोलापूरला बँकेत. आमचं ठरवून केलेलं लग्न, पत्रिका, फोटो, दोन्हीकडचे मामा, सगळं रीतसर. साखरपुड्याला सहा आठवडे होते. चार मित्रांपैकी तिघांनी सल्ला दिला की गाठ निघाली, विषय संपला, कशाला उकरतोस. चौथा म्हणाला, तिने गूगल केलं तर एचपीव्ही म्हटल्यावर पहिलं काय येईल ते तुला माहीत आहे.

मला ते माहीत होतं. पण मी सोलापूरला गेलो तो त्यामुळे नाही. ज्या गोष्टीची तिला लागण होऊ शकते, ती माझी एकट्याची खासगी गोष्ट कशी म्हणायची, एवढाच माझा मुद्दा होता.

सिद्धेश्वर तलावाच्या कडेला संध्याकाळी गर्दी असते. भेळवाल्यापासून जरा लांब आम्ही उभे राहिलो आणि मी तिला रिपोर्ट दाखवला. तिने तो दोनदा वाचला. बँकेत काम करणारी माणसं कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात.

"मला होईल का?"

"होऊ शकतो. याचा संसर्ग तसा सहज होत नाही म्हणतात, आणि गाठ आता काढलीय. पण शून्य टक्के असं कुणी लिहून देत नाही."

"तू आधी कुणाबरोबर होतास का?"

"इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी एक मैत्रीण होती. पण त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण हा..."

"मी सिद्ध करायला विचारलं नाही," ती म्हणाली. "मला माहीत असावं म्हणून विचारलं."

मी गप्प बसलो. थोड्या वेळाने तिने कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली आणि विचारलं, "हेच माझ्या रिपोर्टवर आलं असतं, तर तुझ्या घरच्यांनी काय विचारलं असतं?"

मला उत्तर माहीत होतं, तिलाही होतं. तिच्याकडचे आणि माझ्याकडचे यात फरक नव्हता. मला तंबाखू विचारली गेली आणि मग खालच्या आवाजात बाकीचं. तिला तंबाखू कुणी विचारली नसती. आणि आवाज खाली आला नसता. बहुधा प्रश्नच विचारला गेला नसता, निरोप आला असता.

"आणि तू?" तिने विचारलं.

"मी विचारलं असतं," मी म्हणालो. "तू आत्ता विचारलंस तसं विचारता आलं असतं का, ते नाही सांगता येत."

ती यावर काही बोलली नाही. आम्ही भेळ घेतली. निघताना ती म्हणाली की ती स्वतःही काही सांगणार आहे, पण आज नाही. तिने ते पुढे सांगितलं. ते तिचं आहे, इथे लिहायचं नाही.

लस घ्यायचं तिचं तिनेच ठरवलं. लस झालेला संसर्ग बरा करत नाही, ज्या नंबरांशी अजून गाठ पडली नाही त्यांच्यापासून वाचवते. विषाणूच्या कवचाचं एकच प्रथिन घेतात, त्याच्या 360 प्रती आपल्या आपण जुळून पोकळ गोळा बनतो. बाहेरून हुबेहूब विषाणू, आत ते दोन किलोबाइट नाहीतच. मला हे प्रकरण फार आवडलं. नुसता रिकामा डबा दाखवून शरीराला चेहरा पाठ करायला लावायचा. भारतात बनलेली पहिली अशी लस, सर्व्हाव्हॅक, 2022 मध्ये मंजूर झाली. ती 6, 11, 16 आणि 18 या चार नंबरांवर आहे, आणि 9 ते 26 वर्षांच्या मुली आणि मुलगे दोघांसाठी आहे. बनवणारी सीरम इन्स्टिट्यूट माझ्या घरापासून काही किलोमीटरवर. मी अठ्ठावीसचा, म्हणजे मी यादीबाहेर. ती सव्वीसची, आणि पंधरा वर्षांपुढच्यांना सहा महिन्यांत तीन डोस घ्यावे लागतात. म्हणजे घाई होती.

सोलापुरात ज्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे ती गेली त्यांनी विचारलं, "लग्न झालंय?" नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मग आत्ता कशाला? लग्न झाल्यावर या." ही लस लग्नाआधी, खरं तर शाळेच्या वयात घेतली तर तिचा सर्वांत जास्त उपयोग असतो. हे त्या बाईंना नक्कीच माहीत होतं. तिने मला फोन केला तेव्हा ती चिडलेली नव्हती, हसत होती. "तुला विचारलं तेच मला विचारलं," ती म्हणाली, "फक्त उलट्या बाजूने."

शेवटी ती एका शनिवारी पुण्याला मावशीकडे म्हणून आली आणि आम्ही हडपसरच्या एका क्लिनिकमध्ये गेलो. फॉर्म मराठीत होता. नाव, वय, पत्ता, आणि मग ‘पतीचे / पालकाचे नाव’. तिने तिथे रेघ मारली. रिसेप्शनवरच्या मुलीने रेघेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "कॅश की यूपीआय?"

दुसऱ्या डोसची तारीख नेमकी हळदीच्या आदल्या दिवशीची निघत होती. दंड दुखतो का, सूज येते का, हे तिने नर्सला दोनदा विचारलं. नर्स म्हणाली, दुखतो एखादा दिवस, आणि तारीख आठवडाभर पुढे गेली तरी चालते. तिने मोबाइलमध्ये लग्नानंतरचा सोमवार टाकला.